पडदा कुठल्या धाग्याने फाटतो

सोमवार, ६ जानेवारी २०२५

आज आमच्या कापड तपासणीच्या लॅबमध्ये एक वयस्क बाई काळा टी-शर्ट घेऊन आल्या. गळ्याला कात्रीचा छोटा काप होता आणि त्याखाली कापड ओघळून लोंबत होतं. आमच्याकडे लोक ग्रे, म्हणजे मागावरून उतरलेल्या न रंगवलेल्या कापडाचे तुकडे आणतात, नाहीतर व्यापाऱ्याने परत पाठवलेले तागे. वापरलेला टी-शर्ट घेऊन कोणी येत नाही.

"हा फाटला का नाही, एवढं सांगा," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, तक्रार कोणाविरुद्ध आहे.

"माझ्या भाच्याविरुद्ध."

नाव मिल्का पेणकर, राहणार ठाणे. बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. गेल्या महिन्यात त्यांचा भाऊ वारला. त्यांच्यात मयताच्या जवळच्या माणसाने अंगावरचा कपडा गळ्यापासून खाली फाडायचा असतो, उभ्याने, सगळ्यांसमोर. विधी करणाऱ्याने कात्रीने सुरुवात करून दिली आणि मुलाने दोन्ही हातांनी ओढलं. टी-शर्टचा गळा पोटापर्यंत आला, पण फाटला नाही. तो ओढतच राहिला. मागे कोणीतरी हसलं.

"मी चाळीस वर्षं या फाडण्यावर लिहितेय," बाई म्हणाल्या, "आणि घरच्या मयताला ते धड झालं नाही."

मी सांगितलं की टी-शर्टच्या कापडात उभे-आडवे धागे नसतात. धाग्याचे फास एकमेकांत अडकवलेले असतात. ओढलं की फास मोठे होतात, तुटत नाहीत. मुलाने साधा शर्ट घालायला हवा होता. मग विचारलं, तसा अहवाल लिहून हवा आहे का.

"नको. कारण हवं होतं, ते मिळालं." त्या उठल्या आणि दारात थांबल्या. "दोन हजार वर्षांपूर्वीचं कापड तपासून देशील?"

मी म्हटलं, नमुना आणा.

"तीच तर अडचण आहे गं."

गुरुवार, ९ जानेवारी

मिल्काबाई पुन्हा आल्या, ठाण्याहून एसटीने. या वेळी आपल्या येणाऱ्या पुस्तकातलं टाईप केलेलं एक प्रकरण घेऊन. त्या निवृत्त प्राध्यापक आहेत. तीस वर्षं एका ख्रिस्ती धर्मशिक्षण संस्थेत शिकवलं. विषय एकच: सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांची ज्यू पार्श्वभूमी. निम्मे पाद्री त्यांचे विद्यार्थी.

"आमच्या लोकांना वाटतं मी त्यांच्यात गेले," त्या म्हणाल्या. "त्यांना वाटतं मी आमच्यातून आले. नाताळच्या कार्यक्रमाला तीस वर्षं खुर्च्या मात्र मीच मांडल्या."

प्रकरण असं आहे. येशूचा प्राण गेला तेव्हा यरुशलेमच्या मंदिरातला पडदा वरून खालपर्यंत फाटला, असं बायबलमधल्या शुभवर्तमानात आहे. बहुतेक प्रवचनांत त्याचा अर्थ सांगतात की जुनं मंदिर रद्द झालं, ज्यूंची पाळी संपली. बाई म्हणतात, हे लिहिणारे ज्यू होते आणि ऐकणारेही बरेचसे ज्यूच. ज्यू माणसाने 'वरून खाली फाटला' ऐकलं की त्याला मयत आठवणार. मंदिर देवाचं, पडदा जणू त्याच्या अंगावरचा. मुलगा गेला म्हणून बाप कपडा फाडतो आहे.

"असं मी एकटीच म्हणते असं नाही," त्या म्हणाल्या. "पण धाग्यापर्यंत कोणी गेलं नव्हतं. मी गेले."

मला देवाधर्मातलं कळत नाही आणि कळून घ्यायची इच्छाही नाही. पण त्यांच्या एका वाक्यापाशी मी थांबले: 'पडदा असो वा सदरा, दोन्ही ठिकाणी तोच धागा तुटतो.' त्यावरच पुढचं सगळं रचलं आहे. हे वाक्य श्रद्धेचं नाही. ते तपासता येतं. मी काम घेतलं.

सोमवार, २० जानेवारी

कामाचे दिवस जुळता जुळत नाहीत. शुक्रवारी जुम्मा, भिवंडीतले लूम बंद. शनिवारी बाई बंद, त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस. रविवारी लॅब बंद. बाई म्हणाल्या, "तीन धर्म मिळून आठवड्याची वाट लावतात, आणि देव एकच म्हणे."

जुन्या ज्यू परंपरेत पडद्याचं वर्णन आहे. चार बोटं जाड, बहात्तर दोऱ्यांचा, एकेका दोरीत चोवीस धागे. पॉवरलूमवर हे होणार नाही. आमच्या लॅबच्या शेठच्या जुन्या शेडमध्ये नमुन्यासाठी एक हातमाग आहे, त्यावर रामनाथ बसतो. तो आझमगढचा, वीस वर्षं इथे.

दोरी हातात घेऊन म्हणाला, "मॅडम, ये कपडा हाय का गाडी खींचने की रस्सी?"

"देवाच्या घरचा पडदा आहे."

"तो भगवान को बोलो, हैंडलूम की चादर ले ले. हलकी रहेगी."

त्याला सांगितलं, टोमणे नकोत, वीण घट्ट हवी. वीण घट्ट आहे.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

दोन नमुने तयार झाले. एक पडद्याचा, एक त्या काळच्या सदऱ्याचा. सदऱ्यासाठी बाईंनी वाळवंटात सापडलेल्या कपड्यांची मोठी छायाचित्रं दिली होती. मी ती आठवडाभर पाहत होते. त्या सदऱ्यांवर खांद्यापासून खाली येणारे रंगीत पट्टे आहेत. बाईंनी तो पट्टा उभ्या धाग्यांचा धरला, कारण तो उभा दिसतो. पण असा पट्टा आडव्या धाग्यानेच विणतात. म्हणजे सदरा मागावर आडवा विणला जायचा, एका बाहीपासून दुसऱ्या बाहीपर्यंत, आणि घालताना वळवून घालायचे. अंगावर आल्यावर आडवा धागा उभा होतो आणि उभा आडवा.

मग गळ्यापासून खाली फाडला तर तुटतो तो मागावरचा उभा धागा. पडदा विणला तसाच टांगतात, तो वरून खाली फाटला तर तुटतो आडवा. तोच धागा नाही.

फाडण्याचं यंत्रही चालवलं. नमुन्याला काप देऊन दोन पकडींत धरतात आणि वजनदार लोलक सोडतात. सदऱ्याचा नमुना फाटला. पडद्याच्या नमुन्यावर लोलक अडकून राहिला. मग मी आणि रामनाथने दोन बाजूंनी हाताने ओढून पाहिलं. काही झालं नाही.

बाईंचं वाक्य चुकीचं आहे. आकडे समोर आहेत. उद्या सांगायचं आहे आणि कसं सांगायचं हे ठरत नाही, ही गोष्ट मला त्रास देते आहे. ग्राहकाला निकाल सांगताना असं कधी होत नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

सांगितलं. बाई बराच वेळ नमुन्याकडे पाहत होत्या. त्यांच्या डोळ्यांतली दृष्टी मधोमध पुसट होत चालली आहे, त्यामुळे त्या वस्तूकडे थोडं तिरकं पाहतात. मला वाटलं त्यांना पटलेलं नाही.

"सव्वीस वर्षं हे वाक्य मी व्याख्यानांत बोलतेय," त्या म्हणाल्या. "जर्मनीत बोलले, जेरुसलेमला बोलले. एकानंही विचारलं नाही, बाई, धागा कुठला."

मी म्हटलं, अहवाल पूर्ण वाचा. त्यात तीन परिच्छेद आहेत. पहिला, तुटणारे धागे वेगळे आहेत. दुसरा, लागणारा जोर वेगळा आहे. तिसरा, समोर उभ्या असलेल्या माणसाला दोन्ही वेळा एकच दिसतं: कापड वरून खाली फाटलं. कुठला धागा तुटला हे डोळ्यांनी कळत नाही. म्हणून या चाचणीवरून दोन फाडण्यांतलं साम्य सिद्ध होत नाही आणि खोटंही ठरत नाही.

"हा तिसरा तू माझ्यासाठी लिहिलास?"

"नाही. चाचणीने काय सांगितलं नाही, तेही लिहायचं असतं."

त्या हसल्या. पुस्तक प्रकाशन संस्थेच्या समितीकडे गेलेलं आहे, हे वाक्य आपण सावकाश बदलू, असं म्हणाल्या. जाताना अहवालाची पिशवी छातीशी धरली होती. वाईट निकाल असा धरून नेणारा ग्राहक मी पाहिलेला नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज डॉ. मितेश आले. बाईंचे जुने विद्यार्थी. बाईंचं पुस्तक काढणाऱ्या पुण्याच्या ख्रिस्ती प्रकाशन संस्थेत ते संपादक आहेत. वय पस्तिसेक, बोलणं सावकाश. अंगातला शर्ट चांगल्या पॉपलिनचा होता. मी न सांगता त्यांनी यंत्राला हात लावला नाही, हे आवडलं.

बाईंनी त्यांना चाचणीबद्दल फोनवर सांगितलं होतं. त्यांनी अहवाल इथेच बसून वाचला, दोनदा. म्हणाले, "मॅडम, आमच्या क्षेत्रात इतकं स्वच्छ कोणी लिहीत नाही. प्रत्येक वाक्यामागे पुरावा. हे समितीने वाचायला हवं."

प्रत मागितली. अहवाल ग्राहकाचा असतो, त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला देता येत नाही. पण ते बाईंच्या पुस्तकाचेच संपादक आहेत, म्हणजे ग्राहकाच्याच बाजूचे. दिली.

संध्याकाळी बाईंना फोन केला. म्हटलं, डॉ. मितेश आले होते, त्यांनी अहवाल फार नीट वाचला. बाई म्हणाल्या, "हो का? बरं झालं." दमलेल्या वाटल्या.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

समितीचा अभिप्राय आला. बाईंनी तो लॅबमध्ये आणला आणि मला वाचायला सांगितलं, डोळ्यांचं निमित्त करून.

'भिवंडी येथील तज्ज्ञ वस्त्र-अभियंत्यांच्या शास्त्रीय चाचणीने प्रस्तुत प्रकरणाचा पायाच निखळला आहे.' पुढे माझा पहिला परिच्छेद, शब्दशः. मग दुसरा, शब्दशः. मग पूर्णविराम आणि शिफारस: पडद्याचं प्रकरण वगळल्यास पुस्तक जूनमध्ये प्रसिद्ध करता येईल, डॉ. मितेश प्रस्तावना लिहितील.

तिसरा परिच्छेद नाही.

मी पान उलटून पाहिलं. मागे कोरं होतं.

आमच्या प्रत्येक अहवालाच्या तळाशी छापलेलं असतं की अहवाल वापरायचा तर पूर्ण वापरावा, त्यातला भाग सुटा उद्धृत करू नये. ही ओळ शोभेची नाही. कापडाचा रंग टिकतो पण ते आटतं, असा अहवाल असेल आणि व्यापाऱ्याने फक्त रंगाचं वाक्य छापलं, तर त्याला लबाडी म्हणतात. भिवंडीतल्या कोणत्याही गाळ्यातल्या दलालाला हे कळतं. पुण्यातल्या विद्वानांना कळत नाही असं मानायला मी तयार नाही. त्यांना कळतं. म्हणून तर तिसरा गेला.

बाईंना म्हटलं, हे चूक आहे, तुम्ही लेखी विचारा.

"त्यांना ते प्रकरण पहिल्यापासूनच नको होतं," त्या म्हणाल्या. "पडदा फाटल्यावर ज्यूंची पाळी संपते, यावर त्यांची निम्मी प्रवचनं उभी आहेत. तिथे बाप रडायला लागला तर काय सांगायचं? त्यांना कारण हवं होतं. मिळालं."

कारण मी पुरवलं, असं त्या म्हणाल्या नाहीत. तसं म्हणायला जागाही नाही. माझा अहवाल पूर्ण होता.

सोमवार, ३ मार्च

डॉ. मितेशना फोन केला. बोलणं जसंच्या तसं लिहून ठेवते.

"मॅडम, पहिले दोन परिच्छेद निष्कर्ष आहेत. तिसरा तुमचं मत आहे."

"माझ्या अहवालात मत नसतं."

"साम्य आहे की नाही हे ठरवणं आमचं काम. तुम्ही या विषयाच्या अभ्यासक नाही ना."

"मग पहिल्या दोन परिच्छेदांपुरती मी तज्ज्ञ कशी होते?"

"तुम्ही चिडताय, मॅडम."

"चिडले आहे. प्रश्न तोच आहे."

त्यांनी तिकडे दार लावून घेतलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मला बाईंचं म्हणणं पटतं, खरं सांगतो. पण समितीत सात जण आहेत आणि मला तिथे नोकरी करायची आहे. निदान बाकीची बारा प्रकरणं तरी छापून येऊ देत. बाईंच्या डोळ्यांचं तुम्हाला माहीत आहे. त्यांना पुस्तक दिसेल तोवर यायला हवं की नको?"

हा प्रश्न खरा होता, आणि याचाच मला जास्त संताप आला. तीन आठवड्यांपूर्वी या माणसाने माझी वाक्यं स्वच्छ आहेत म्हटलं होतं. स्वच्छ म्हणजे कापायला सोपी, एवढाच त्याचा अर्थ होता.

मंगळवार, ४ मार्च

भूपेशशेठना सांगितलं. लॅब त्यांची आहे. तक्रारीचं पत्र लॅबच्या नावाने पाठवायचं तर त्यांची सही लागते.

"आपण ग्रे कापड तपासतो, दिशा मॅडम. देवाचा पडदा न्हाय."

मी तळाची ओळ दाखवली.

"ती मला माहीत हाय, मीच छापून घेतली. त्या मानसाला प्रत कोनी दिली?"

"मी दिली."

"ग्राहकाला विचारलं होतंस? न्हाय ना? मग आता कुठल्या तोंडानं त्याला नियम दाखवतेस? पत्र गेलं की पहिला सवाल तोच येईल." मग थोडे नरमले. "एवढं लागलंय तर अहवाल मागे घे. रद्द झालेल्या अहवालावर कोनाचा पाया निखळत न्हाय. पन कारण लिहावं लागंल, चाचणीत त्रुटी. दुसऱ्या कारणानं मागे घेता येत न्हाय, तुला ठाऊक हाय."

ठाऊक आहे.

घरी आईने जेवताना विचारलं, तोंड का असं. थोडक्यात सांगितलं.

"त्या बाईचं पुस्तक न्हाय छापलं तर तुला काय गो? आपल्या शेतावर गोदाम उभं राहिलं तवा तू इतकी बोलली न्हाईस."

"ते कायदेशीर होतं."

"हे पन कायदेशीरच असंल," आई म्हणाली आणि माझ्या ताटात भात वाढला.

भिवंडीजवळच्या आमच्या गावात, पूर्ण्यात, आता घराच्या तिन्ही बाजूंना गोदामांच्या पत्र्याच्या भिंती आहेत. त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही. आईला संबंध नसलेल्या गोष्टी जोडायची सवय आहे.

मागे घेण्याचं पत्र तयार केलं. चार ओळी. 'सदर चाचणीत नमुन्याची दिशा निश्चित करताना त्रुटी राहिल्याने' असं लिहिलं. टाईप करताना बोटं नेहमीच्या वेगाने चालली, हे मला आवडलं नाही.

गुरुवार, ६ मार्च

पत्र घेऊन ठाण्याला बाईंच्या घरी गेले. ते पाठवण्याआधी ग्राहकाने पाहायला हवं. या वेळी नियम पाळला.

दोन खोल्या, दाराच्या चौकटीवर ज्यू घरांत असते तशी तिरकी लावलेली छोटी नळी, आत पुस्तकं. बाईंनी पत्र भिंगातून वाचलं. फार वेळ लागला.

"तुझी चाचणी चुकली?"

"नाही."

"इथे तर तसं लिहिलंयस."

"तसं लिहिल्याशिवाय अहवाल रद्द होत नाही. रद्द झाला की त्यांच्या हातात काही उरत नाही. प्रकरण राहतं."

त्यांनी पत्र टेबलावर ठेवलं. त्यांचा आवाज इतका कडक होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

"दिशा, मी चाळीस वर्षं काय काम केलं, तुला कळलं का? लोक एखादी ओळ गाळतात. भक्तीने गाळतात, भीतीने गाळतात. ती मी शोधते आणि होती तिथे परत ठेवते. बास, एवढंच काम. आणि तू माझ्या पुस्तकासाठी एक खोटी ओळ घालणार? मग माझ्यात आणि त्या समितीत काय फरक राहिला?"

मी म्हटलं, त्यांनी खोटेपणा केला आणि त्यांचं काही बिघडलं नाही. आपण खरं बोललो आणि सगळं आपलंच जातंय. हे मला मान्य नाही.

"मला तरी कुठे मान्य आहे? पण हे पत्र जाणार नाही."

"मग तुम्ही बारा प्रकरणांवर समाधान मानणार? त्याची प्रस्तावना घेऊन?"

"ते मी ठरवलेलं नाही. आणि ते तू ठरवायचं नाही." मग आवाज नेहमीचा झाला. "मितेशला प्रत दिलीस ना, त्याच दिवशी तुझ्या आधी त्याचा फोन आला होता. तेव्हाच मला कळलं, तो काय करणार ते. माझ्याकडे शिकलाय तो."

मी विचारलं, मग मला का बोलला नाहीत.

"तू किती खुश होतीस. म्हणालीस, कोणीतरी नीट वाचलं."

मी खुश वगैरे नव्हते. मी फक्त माहिती दिली होती. पण महिनाभर त्यांनी ते पोटात ठेवलं, आणि या महिन्यात मी त्यांच्याच समोर बसून दुसऱ्यांच्या अप्रामाणिकपणावर बोलत होते. परत येताना अंजूरफाट्याला गाडी बराच वेळ अडकली. पत्र फाडून टाकलं.

बुधवार, १२ मार्च

अकराच्या सुमाराला बाई न कळवता आल्या. खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, मितेशला मी इथे असताना फोन करायला सांगितलं आहे, तू समोर हवीस, बोलायचं मात्र नाही.

फोन आला. त्यांनी तो टेबलावर ठेवून स्पीकर लावला.

"बाई, नमस्कार. समितीला आज उत्तर द्यायचंय. प्रकरण काढलं तर जूनचं पक्कं. मी स्वतः छपाईवर बसतो."

"तब्येत कशी आहे तुझी? मुलगी बरी?"

"बरी आहे, बाई. शाळेत जाते."

"छान. मितेश, एकच विचारते. तिसरा परिच्छेद कुठे गेला?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज.

"अभिप्राय दोन पानांचाच असतो, बाई. जागेअभावी..."

"बरं. मी उलटं विचारते. तो छापाल का? प्रकरण ठेवा, माझ्या चुकीच्या वाक्यासकट ठेवा, आणि त्याच्यापुढे हिचा अहवाल छापा. तिन्ही परिच्छेद. मी कुठे चुकले तेही वाचकाला कळेल, कुठे नाही तेही."

"समिती ऐकणार नाही, बाई."

"तू सांगशील?"

तो पुन्हा समितीबद्दल बोलायला लागला. मला बोलायचं होतं. बाईंनी माझ्याकडे न पाहता हात वर केला.

"मग सगळंच पुस्तक परत पाठव."

"बाई, असं नका करू. चाळीस वर्षांचं काम आहे. दुसरा कोण छापणार, कधी छापणार? तुमचे डोळे..."

"डोळे माझे आहेत रे. समितीला कळव, जागेअभावी पुस्तक राहिलं."

त्यांना फोन बंद करायची जागा दिसेना. मी केला.

मी त्यांना पाणी दिलं. रामनाथ दारात आला, आमच्याकडे पाहून परत गेला. मला इतका राग आला होता की बाईंना काय वाटत असेल हे विचारायचं राहिलं. समितीतल्या सात जणांचं आज काहीच बिघडलं नाही. ते दुपारी जेवतील, रविवारी पडद्यावर प्रवचन करतील. मितेश मुलीला शाळेतून आणेल. आणि इथे एक एकाहत्तर वर्षांची बाई आहे, जिने आपली चूक छापा म्हणून विनंती केली, आणि तीही कोणी मान्य केली नाही. हे मी बाईंना याच शब्दांत सांगितलं.

"झालं बोलून?"

"झालं."

"मग तो तुकडा आण. पडद्याचा."

मी नमुना त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी पिशवीतून वही काढली, पेन काढलं, टोपण दोनदा घरंगळलं.

"ते वाक्य मी आज नव्याने लिहिणार आहे. पुस्तक छापो न छापो. तुझं बरोबर आहे म्हणजे माझं चुकलंय, आणि ते दुसऱ्याने काढण्याआधी मला काढायचंय. पण मला अजून नीट उमजलेलं नाही. त्या दिवशी मी मान हलवली, तेवढंच. मला हे धागे वेगळे दिसत नाहीत. दिसत नाही असं समजून सांग."

मी त्यांचं बोट धरलं आणि नमुन्यावर वरून खाली नेलं, एका दोरीवरून, शेवटपर्यंत.

"हा उभा. मागावर आधी हा ताणतात."

"हं."

बोट वळवून डावीकडून उजवीकडे नेलं. प्रत्येक दोरीला ते थोडं अडखळत होतं.

"हा आडवा. पडदा वरून खाली फाटताना हा तुटतो."

"आणि सदऱ्यात?"

सदऱ्याचा नमुना घेतला, त्यांच्या गळ्याशी धरला, जसा अंगावर येतो तसा. त्यांच्याच बोटाने खाली रेघ ओढली. मग पुन्हा, कारण पहिल्यांदा त्यांना दिशा चुकल्यासारखी वाटली. तिसऱ्या वेळी त्यांनी माझा हात बाजूला केला आणि एकट्यांनी ओढली.

"इथे मागावरचा उभा तुटतो," त्या म्हणाल्या.

"हो."

त्यांनी लिहायला घेतलं. अक्षरं मोठी आली, ओळ कागदावर वर चढत गेली. लिहून झाल्यावर वही माझ्यापुढे सरकवली. पडद्यात आडवा धागा तुटतो, सदऱ्यात उभा. पूर्वी मी दोन्हींत एकच म्हटलं होतं, ते चूक होतं. पाहणाऱ्याला मात्र दोन्ही वेळा एकच दिसतं.

मी सगळं वाचलं. बरोबर होतं. तसं सांगितलं, आणि त्यांनी पुढची ओळ सुरू केली.